बासष्ट फॉर्म घरी बसून भरले, आता व्हायवात काय सांगू?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

चोपडा तालुक्यातल्या एका गावातली ही वाचक जळगावात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात तिने ठिबक संचांच्या एका डीलरकडे दोन महिन्यांचा प्रकल्प केला. विषय होता, ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्यांचं समाधान. शंभर शेतकऱ्यांकडून फॉर्म भरून घ्यायचे होते, झाले ३८. मार्गदर्शक सरांना फोन केला तर ते म्हणाले, "शंभर तर लागतातच, करून टाक." उरलेले ६२ फॉर्म तिने दोन रात्रींत घरी बसून भरले. अहवालाचं दुसरं प्रकरणही बरंचसं इंटरनेटवरून जसंच्या तसं घेतलं. बाइंडिंग होऊन प्रती जमा झाल्या आहेत. तीन आठवड्यांनी व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा आहे, बाहेरचे परीक्षक येणार आहेत. कॅम्पस मुलाखतीत एका बँकेने तिची निवडही केली आहे. खोलीतल्या मैत्रिणीने तर अख्खा अहवाल झेरॉक्सच्या दुकानातून तयार विकत घेतला आणि ती निवांत झोपते. हिची झोप उडाली आहे. ती लिहिते: "बठ्ठाच करतस (सगळेच करतात), असं भाऊ म्हणतो. सरांनीच सांगितलं होतं. खरं बोलले तर वर्ष जाईल, नोकरी जाईल. आई-वडिलांना काय तोंड दाखवू? मी काय करू?"

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे नेहमीचंच आहे. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर थांबले. तू लिहिलंयस, "पहिल्या वीस फॉर्मपर्यंत मी पेन बदलत होते, नंतर बदललेच नाहीत." ज्या मुलीला हे आठवतं आणि जी ते अनोळखी बाईला लिहून कळवते, तिने अर्धा निर्णय घेतलेलाच आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलू.

मी पंचवीस वर्षं खान्देशात व्यवस्थापन शिकवलं आणि अशा फॉर्मचे गठ्ठे हातात घेतले आहेत. शेतात भरलेला फॉर्म ओळखू येतो. त्याला घडी पडलेली असते, कारण तो मोटारसायकलच्या डिकीतून किंवा खिशातून आलेला असतो. कुठे ग्रीसचा अंगठा, कुठे चहाच्या कपाचं वर्तुळ. एखादा प्रश्न कोराच सोडलेला, मोबाइल नंबर एकदा चुकून पुन्हा लिहिलेला, आणि समासात शेतकऱ्याने प्रश्नाशी संबंध नसलेलं काहीतरी सांगितलेलं. घरी भरलेल्या फॉर्मला घडी नसते, सगळे प्रश्न भरलेले असतात आणि सगळ्या खुणा एकाच बाजूला कललेल्या असतात.

हे वाचून तुला वाटेल, मी म्हणणार की तू पकडली जाशील. तसं मी म्हणत नाही. एका महाविद्यालयात परीक्षक म्हणून गेले असताना मी असा गठ्ठा पाहिला होता. त्या दिवशी चाळीस मुलांच्या व्हायवा उरकायच्या होत्या. दुपार झाली होती. मी त्या मुलाला काही विचारलं नाही आणि तो चांगल्या गुणांनी पास झाला. ते न विचारणं मला आजही टोचतं. तेव्हा तुझंही निभावून जाऊ शकतं. पकडलं जाण्याच्या भीतीवर तू निर्णय घेतलास, तर ज्या दिवशी भीती संपेल त्या दिवशी निर्णयही बदलेल. म्हणून भीती बाजूला ठेवून तुझ्याच पत्रातले आकडे पाहू.

खऱ्या ३८ शेतकऱ्यांपैकी २१ जणांनी सांगितलं, की दोन हंगामांत नळ्या चोंदल्या आणि विक्रीनंतर कुणी बघायला आलं नाही. अडावदच्या एका काकांनी तुला शेतात नेऊन लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतली ठिबकची नळी, उपटून दाखवली. ड्रिपरच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर आणि खारीने कुरतडलेली नळी. क्षार काढायला नळीतून ॲसिड सोडतात, ती आम्लप्रक्रिया कशी करायची, किती ॲसिड घ्यायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "हे लिहशील ना पोरी?" आणि तू हो म्हणालीस.

मग त्या दोन रात्रींत तू ६२ फॉर्म भरलेस आणि सगळ्यांत 'समाधानी' किंवा 'अतिशय समाधानी' अशी खूण केलीस. तुला ते सुरक्षित वाटलं. आता हिशोब कर. ३८ पैकी २१ म्हणजे निम्म्याहून जास्त, ५५ टक्के. तेच २१ जेव्हा १०० मध्ये मोजले जातात, तेव्हा २१ टक्के उरतात. निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांची तक्रार तुझ्या अहवालात पाचव्या हिश्शाच्या आसपास आली आणि निष्कर्षात तू लिहिलंस, 'बहुसंख्य शेतकरी सेवेबाबत समाधानी आहेत.' तो अहवाल डीलरकडेही जाणार. तो ते वाक्य वाचेल आणि सेवेसाठी माणूस ठेवण्याचा विचार सोडून देईल. व्हायवात नापास होण्यापेक्षा हे मला मोठं वाटतं. घरी भरलेल्या फॉर्मने तुझ्याच हाती लागलेली एकमेव खरी गोष्ट पुसून टाकली.

आता ज्या समजुतींवर तू अडली आहेस त्या एकेक तपासू.

'शंभर लागतातच' ही पहिली. कुणी ठरवलं? शंभर हा टक्केवारी काढायला सोपा आकडा आहे, एवढंच त्याचं मोठेपण. नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा, असेल तर १०० प्रतिसादांवर कमाल चूक साधारण १० टक्के इकडे-तिकडे धरतात, ९५ टक्के खात्रीच्या पातळीवर. ३८ वर तीच चूक १६ टक्क्यांच्या आसपास जाते. फरक आहे, पण लिहून सांगता येईल इतका. तू तर डीलरच्या यादीतले, सापडतील ते शेतकरी घेतलेस, म्हणजे तुझा नमुना तसाही सोयीचा नमुना आहे. तेव्हा आकडा १०० असो की ३८, 'संपूर्ण चोपडा तालुक्यातील शेतकरी' असं तुला कुठेच म्हणता येणार नाही. '३८ पैकी २१ जणांनी' एवढंच लिही. ३८ माणसांवर '५५.२६ टक्के' असे दशांश लावू नकोस. परीक्षकाला दशांशाने भुरळ पडत नाही, उलट शंका येते.

आणि ३८ का झाले? पत्रात तूच सांगितलंयस. मे महिना, ४४-४५ अंशांचं ऊन. दुपारी शेतात कुणी नाही. रात्रपाळीची वीज आली की माणूस रात्रभर मोटारीपाशी, मग सकाळी झोपलेला. जून लागला तशी कापसाची लागवड सुरू झाली आणि कुणाला बोलायला वेळ नाही. धानोऱ्याहून किनगावला जायला एसटीची वाट पाहण्यात अर्धा दिवस गेला. अगं, यालाच संशोधनपद्धतीच्या प्रकरणात 'मर्यादा' म्हणतात! बहुतेक अहवालांत तिथे 'वेळेची व पैशाची मर्यादा होती' एवढी एक ओळ असते. तुझ्याकडे पान भरेल एवढा खरा मजकूर आहे आणि तो वाचून पुढच्या वर्षीचं पोर मे ऐवजी जानेवारीत फिरायचं ठरवेल.

तुझे वडील कापूस पिकवतात. त्यांना विचार, सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर काय होतं. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव. ८ ते १२ मध्ये असेल तर त्या प्रमाणात भाव कापतात, पण कापूस घेतात. ओलावा मोजला जातो, सांगितला जातो आणि त्याप्रमाणे किंमत ठरते. ओला कापूस आणणं हा गुन्हा नाही. वजन वाढावं म्हणून पाणी मारून कोरडा म्हणून आणणं वेगळं. तुझे ३८ फॉर्म म्हणजे थोडा ओला कापूस. त्याला भाव थोडा कमी मिळेल, पण मिळेल. 'आई-वडिलांना काय तोंड दाखवू' असं तू लिहितेस, पण ज्या माणसाने गाडीवर बसून ग्रेडरशी ओलाव्यावर वाद घातलाय, त्याला हा फरक तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

दुसरी समजूत, 'सरांनीच सांगितलं.' सर म्हणाले, "करून टाक." याचा अर्थ 'आणखी फिरून पूर्ण कर' असाही होतो आणि 'कसंही भर' असाही. फोनवर सरांच्या मनात काय होतं ते तुलाही ठाऊक नाही. तू थकलेली होतीस आणि सोयीचा अर्थ घेतलास. यात मी तुला एकटीला दोष देत नाही. मार्गदर्शकाने असं संदिग्ध बोलू नये. हे सदर वाचणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मनापासून सांगते: तुमच्याकडे पंधरा-वीस प्रकल्प असतात, प्रत्येकाचा फोन उचलणं जमत नाही, सगळं मान्य. पण 'अडतीस झाले का, मग अडतीसच लिही आणि का झाले ते लिही' या एका वाक्याला अर्धं मिनिट लागतं. आपण ते बोललो नाही की मूल आपल्या गप्प राहण्याला परवानगी समजतं.

तरीही अहवालाच्या सुरुवातीला दोन पानं आहेत ती उघडून बघ. एकावर सरांच्या सहीचं प्रमाणपत्र आहे, दुसऱ्यावर तुझ्या सहीचं घोषणापत्र: 'हा अहवाल मी स्वतः केलेल्या कामावर आधारित आहे.' हे पान बहुतेक मुलं मागच्या वर्षीच्या फाइलमधून कॉपी करतात आणि नाव बदलतात. मी दरवर्षी वर्गात विचारायचे, कुणी ते वाचलं का, तर हात वर व्हायचे नाहीत. तुझ्या अहवालातलं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच आहे, कारण तिथे खाली तुझ्याशिवाय कुणाची सही नाही.

तिसरी समजूत, 'बठ्ठाच करतस.' सगळे नाही करत. जे करत नाहीत ते सांगत फिरत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. आणि तुझ्या बँकेचा विचार कर. पहिल्या वर्षी तुला कोणतं काम देतील? कर्ज मागणाऱ्याच्या घरी, दुकानात, शेतात जाऊन स्थळ पाहणी करायची आणि फॉर्म भरायचा. गाय आहे का, दुकान चालतं का, विहिरीला पाणी आहे का. महिनाअखेर वीस पाहण्या राहिलेल्या असतील आणि वरिष्ठ फोनवर म्हणतील, "करून टाक." हेच शब्द. तिथे फॉर्म टेबलावर बसून भरला तर कुणाच्या तरी ठेवीचे पैसे बुडतात आणि चौकशीत सही तुझी निघते. सत्यम कंप्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण तुम्हाला शिकवलं असेलच. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेले रोख आणि बँकेतले सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. सुरुवात खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातल्या छोट्या फरकाने झाली होती. एका वर्षीचा खोटा आकडा टिकवायला पुढच्या वर्षी आणखी मोठा लागला. तुझे ६२ फॉर्म आणि ते प्रकरण एका मापाने मोजणं अन्यायाचं होईल. पण तू अजून पहिल्याच आकड्यापाशी उभी आहेस आणि तिथून मागे फिरायला फार चालावं लागत नाही.

चौथी समजूत सगळ्यात जड: 'खरं बोलले तर वर्ष जाईल.' हे तुला कुणी सांगितलं? होस्टेलवर ऐकलंस ना? यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे विनियम मुलं एकमेकांना भीती घालायला वापरतात. त्यात पातळ्या आहेत हे खरं. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित लेखन देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. पण हे प्रबंध आणि त्या दर्जाच्या लेखनासाठी आहे. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका हे त्या विनियमांच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. तेव्हा 'साठ टक्के आले की नाव काढतात' ही तुझ्या अहवालापुरती वावडी आहे.

म्हणून सुटलीस असं मात्र समजू नकोस. तुझ्या अहवालाला तुझ्या विद्यापीठाचे आणि महाविद्यालयाचे नियम लागतात. माहितीपुस्तिका मागव, परीक्षा विभागात जा, प्रकल्पाच्या विषयाचे नियम छापील स्वरूपात वाच. तीन गोष्टी बघ: जमा केलेला अहवाल व्हायवाआधी बदलून देता येतो का, प्रकल्पात नापास झालं तर पुन्हा कधी देता येतो, आणि तो विषय राहिला तर एटीकेटीचा, म्हणजे राहिलेला विषय ठेवून पुढे जाण्याचा, नियम काय आहे. प्रकल्प हा इतर विषयांसारखा एक विषय आहे. एका विषयाची भीती तू अख्ख्या वर्षावर पसरवली आहेस. नियम हाती आले की भीतीचा आकार तरी कळेल.

स्वतःहून, व्हायवाच्या आधी, सुधारित पानं हातात घेऊन आलेली मुलगी आणि व्हायवात अडखळून पकडलेली मुलगी, या दोघींकडे कोणतीही समिती एकाच नजरेने पाहत नाही. अशा समित्यांवर मी बसले आहे. पहिल्या मुलीबद्दल चर्चा होते ती 'हिला दुरुस्ती कशी करू द्यायची' याची. गुण कमी होऊ शकतात, अहवाल पुन्हा द्यायला लावू शकतात, आणि कडक वागणारा कुणी भेटला तर पुढच्या सत्रातही ढकलू शकतात. काहीच होणार नाही असं खोटं आश्वासन मी तुला देणार नाही. बँकेच्या नेमणूकपत्रातल्या अटीही वाच. बहुतेक ठिकाणी पदवी कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण हवी ते लिहिलेलं असतं आणि ती तारीख आपण समजतो तितकी जवळ नसते.

आणखी एक वाट तुझ्या मनात येऊन गेली असेल: तीन आठवड्यांत पळापळ करून ६२ खरे फॉर्म भरून आणायचे आणि गुपचूप बदलून टाकायचे. फिरायला माझी हरकत नाही. गुपचूप बदलायला आहे, कारण मग तारखा खोट्या होतील आणि एका खोट्याच्या जागी दुसरं येईल. सरांना सांगून, त्यांच्या परवानगीने, डीलरच्या यादीतल्या आणखी दहा-पंधरा जणांना फोन करता येतील. त्यांचे प्रतिसाद वेगळे ठेव, फोनवर घेतले आणि कोणत्या महिन्यात घेतले ते लिही. नाही जमलं तर ३८ पुरे आहेत.

आता कामाला लाग. आधी सरांकडे जाऊ नकोस, आधी अहवाल दुरुस्त कर. एक्सेलमधली मूळ फाइल आहे तशी ठेव. तिची दुसरी प्रत काढ आणि त्या प्रतीतून ६२ ओळी काढून टाक. घरी भरलेले फॉर्म जाळू नकोस, फाडू नकोस, वेगळ्या पाकिटात घालून ठेव. कुणी विचारलं तर दाखवता आले पाहिजेत. सगळे तक्ते पुन्हा काढ. कायवर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी लावली असशील तर बघ, कारण ३८ मध्ये कित्येक रकान्यांत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी येईल आणि तिथे ती चाचणी चालत नाही. काढून टाक, साधी मोजणी ठेव. 'शंभर' हा शब्द अहवालात किती ठिकाणी आलाय ते शोध. सारांशात, पद्धतीत, प्रत्येक आलेखाखाली, निष्कर्षात. एकही राहता कामा नये. निष्कर्षाचं प्रकरण पुसून नव्याने लिही, आणि पहिला निष्कर्ष चोंदलेल्या नळ्यांचा असू दे.

दुसऱ्या प्रकरणासाठी दोन रात्री दे. फॉर्म भरायला दिल्यास तेवढ्याच. जे उतारे जसेच्या तसे हवेत ते अवतरणचिन्हात घाल आणि शेजारी नाव, वर्ष, पान लिही. बाकीचं बंद करून आपल्या शब्दांत लिही, मग उघडून पडताळ. शब्द इकडे-तिकडे फिरवले म्हणजे आपलं झालं असं नाही, कल्पना ज्याची त्याचं नाव द्यावंच लागतं. तुझ्या पदवीवर ज्यांचं नाव छापलं जाणार आहे त्यांची आठवण ठेव. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्याच्या त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या ओव्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव व सोपानदेवांचे मावसभाऊ लिहून घेत. सोपानदेव स्वतः कवी होते. आईच्या ओळी आपल्या नावावर खपवणं त्यांना किती सोपं होतं! कागदावर अक्षर त्यांचं होतं, पण नाव आईचंच राहिलं. संदर्भ देणं म्हणजे एवढंच असतं.

जाता जाता, चॅटजीपीटीबद्दल अलीकडे खूप पत्रं येतात म्हणून सांगते. भाषा सुधारायला ते वापरलं असेल तर महाविद्यालयाचा नियम लेखी विचारून घ्या आणि वापरलं तेवढं प्रामाणिकपणे नमूद करा. त्याने दिलेला एकही संदर्भ प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नका. अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावं ते बेधडक देतं.

दुरुस्ती झाली की सरांना एकटीने भेट. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. अर्ज लिहून ने. साधारण असा:

"महोदय, माझ्या प्रकल्प अहवालात प्रतिसादकांची संख्या १०० नमूद केली आहे. प्रत्यक्षात ३८ शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतल्या होत्या. उर्वरित ६२ मी स्वतः भरल्या. ही माझी चूक आहे. ३८ प्रतिसादांवर आधारित सुधारित तक्ते व निष्कर्ष, तसेच दुसऱ्या प्रकरणातील दुरुस्त संदर्भ सोबत जोडले आहेत. सुधारित अहवाल स्वीकारावा, अथवा नियमानुसार जी कार्यवाही असेल ती कळवावी, ही विनंती."

यात 'सरांनी सांगितलं म्हणून' असं कुठेही लिहू नकोस. फॉर्म तुझ्या हाताने भरले गेले आणि तेवढंच तुला खात्रीने ठाऊक आहे. पुढे कुणी थेट विचारलं, की मार्गदर्शकांना माहीत होतं का, तर फोनवर जे शब्द झाले ते जसेच्या तसे सांग, त्यांचा अर्थ लावू नकोस.

सर काय म्हणतील? कदाचित त्यांना हायसं वाटेल, कारण प्रमाणपत्रावर त्यांचीही सही आहे. कदाचित चिडतील. कदाचित म्हणतील, "राहू दे ना, कशाला उकरतेस, सगळं जमा झालंय." असं झालं तर वाद घालू नकोस. दोन दिवस थांब, मग तोच अर्ज विभागप्रमुखांच्या नावे दे आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घे. पोच घ्यायला लाजू नकोस. त्यानंतर तुला कुणी त्रास दिला, मुद्दाम अडवलं, तर यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. ही वाट माहीत असावी म्हणून सांगितली. शिक्षा टाळायची वाट म्हणून ती वापरू नकोस.

खोलीतल्या मैत्रिणीचं काय? तिची तक्रार करणं तुझं काम नाही, आणि स्वतःचं निस्तरताना तिचं नाव घेणं तर मुळीच बरोबर नाही. पण आपण काय करतोय ते तिला एकदा सांग. दुकानात मिळणारा अहवाल एकालाच विकलेला नसतो, एवढंही सांग. तिने तुझे ३८ फॉर्म 'फक्त दाखवायला' मागितले तर नाही म्हण. मागेलच, कारण तिच्याकडे एकही नाही.

घरी कधी सांगायचं? अर्ज दिल्यानंतर. आधी सांगितलंस तर भाऊ अडवेल, आई रडेल आणि तू पुन्हा पत्र लिहायला बसशील. अर्ज देऊन शनिवारी गावी जा. वडिलांना आधी अडावदच्या काकांची चोंदलेली नळी सांग, मग ६२ फॉर्मचं सांग. त्या क्रमाने.

आणि ते ३८ फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून एका चांगल्या फाइलमध्ये लाव. घड्या सरळ करत बसू नकोस, असू दे तशाच. सरांकडे जाताना ती फाइल सोबत ने, व्हायवालाही ने. ज्या फॉर्मच्या समासात तू 'लॅटरल दाखवली, खार, क्षार, कुणी आलं नाही' असं घाईघाईत लिहिलंयस, तो सगळ्यात वर ठेव. परीक्षक बहुधा तिथूनच विचारायला सुरुवात करतील आणि त्याचं उत्तर तुला पाठ करावं लागणार नाही.